भूछत्र एका रात्रीत काळी शाई होऊन गळतंय, हा रोग आहे का?

कुंपणावरची_चिमणी

बागेच्या कोपऱ्यात एक जुनं झाड होतं ते वाळलं म्हणून कापलं, वरचं खोड काढलं पण मुळं तशीच जमिनीत राहिली. आता चांगला पाऊस झाला की त्याच जागी भूछत्रांचे घोसच्या घोस येतात. आधी अंड्यासारखी करडी टोपी असते, घट्ट मिटलेली, मग ती घंटेसारखी होते आणि मग एकदम काहीतरी बिनसतं, कडा काळ्या पडतात, वर वळतात आणि टोपी चक्क वितळायला लागते. थेंब थेंब काळं गळतं, हाताला लागलं तर डाग पडतो, सकाळी बघावं तर नुसता दांडा उभा आणि खाली काळा चिखल.

प्रश्न असे की हा त्या भूछत्राला झालेला कुठला रोग आहे का, की नुसतं सडतंय? बाकीच्या झाडांना लागेल का? आणि तोडून टाकलं तरी परत तिथेच का उगवतं? तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळी उत्तरं दिली, एकाने तर दगडी मीठ ओतायला सांगितलं.

मातीखालचा

मीठ अजिबात ओतू नका, माती खराब कराल आणि बुरशीला फारसं काही होणार नाही.

तुमचं वर्णन वाचून हे इंककॅप (शाईसारखं काळं वितळणारी भूछत्रं) गटातलं भूछत्र आहे हे जवळपास नक्की. नेमकी प्रजाती नुसत्या वर्णनावरून कोणी सांगू नये, पण घोसाने येणं, करडी टोपी, पुरलेलं लाकूड हे सगळं कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटेरिया किंवा तिच्या जवळच्या कुणाशी जुळतं.

आणि नाही, हा रोग नाही आणि नेहमीच्या अर्थाने सडणंही नाही. सडणं म्हणजे बाहेरचे बॅक्टेरिया किंवा दुसरी बुरशी येऊन खाते. इथे बाहेरून कोणी येत नाही. भूछत्र स्वतःच स्वतःला पचवतं. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन आणि ग्लुकान या दोन गोष्टींची बनलेली असते (कायटिन म्हणजे तेच जे किड्यांच्या कवचात असतं), आणि इंककॅपच्या टोपीत वेळ झाली की ते दोन्ही तोडणारी एन्झाइम सुटतात, कायटिनेज आणि ग्लुकानेज. भिंत गेली की पेशीतलं पाणी बाहेर, झाला द्रव. तो काळा दिसतो कारण त्यात लाखो काळे बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बी म्हणा) मिसळलेले असतात आणि बीजाणूंचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. पूर्वी लोक हे उकळून खरोखरच लिहायला शाई म्हणून वापरायचे.

परत परत का उगवतं तर तुम्ही जे तोडताय ते बुरशीचं शरीर नाहीये, ते तिचं फळ आहे. खरी बुरशी खाली त्या मुळांमध्ये आहे, पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं, मायसेलियम म्हणतात त्याला. ती मेलेलं लाकूड खाऊन जगते. लाकूड संपेपर्यंत पाऊस पडला आणि तापमान बरोबर असलं की फळ येणारच. जिवंत झाडांना या गटाचा सहसा त्रास नसतो, ते मेलेल्यावर जगणारे आहेत. तुम्हाला नकोच असेल तर त्या मुळांचे मोठे तुकडे खणून काढा, दुसरा उपाय खरंच नाही.

काडीपैलवान

पण भाऊ हे समजलं नाही, एवढी मेहनत करून छत्री उभी करायची आणि मग स्वतःच ती वितळवायची, यात त्या बुरशीचा फायदा काय? आंबा स्वतःच स्वतःचा रस करून झाडावरून गळला असता तर आपण म्हटलं असतं काहीतरी गडबड आहे. मला तर वाटतं बीजाणू त्या शाईतून वाहत जमिनीत जावेत म्हणून असेल, पावसाच्या पाण्याबरोबर पसरायला.

सूक्ष्मदर्शी

काडीपैलवान यांचा प्रश्न चांगला आहे, कारण बहुतेक ठिकाणी ते शाईतून पसरतात असंच लिहिलेलं सापडतं. काही बीजाणू शाईत जातातच पण ते मुख्य काम नाही. मुख्य काम हवेतून होतं आणि वितळणं त्या हवेतल्या कामासाठी जागा मोकळी करून देतं. हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे, रेजिनाल्ड बुलर नावाचा ब्रिटिश माणूस कॅनडात विनिपेगला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता, त्याने आयुष्य यातच घालवलं, 1909 पासून बुरशीवरचे त्याचे जाडजूड खंड येत राहिले.

थोडं लांबण लावतो, पण यात मजा आहे.

साध्या भूछत्राची टोपी उलटी करून बघा, खाली उभ्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना गिल्स म्हणतात. प्रत्येक गिलच्या दोन्ही बाजूंवर बेसिडियम नावाच्या पेशी आणि प्रत्येक बेसिडियमच्या डोक्यावर साधारण चार बीजाणू. बीजाणू पिकला की तो नुसता पडत नाही, तो फेकला जातो. बीजाणूच्या बुडाशी एका बारीक टोकावर हवेतल्या वाफेपासून पाण्याचा थेंब जमतो (त्याला आता बुलरचा थेंबच म्हणतात), तिथे साखरेसारखे पदार्थ असतात ते पाणी ओढून घेतात. दुसरीकडे बीजाणूच्या अंगावर पाण्याचा एक पातळ थर असतो. थेंब वाढत वाढत त्या थराला टेकला की दोघं एका झटक्यात एक होतात, वजन एकदम पुढे सरकतं आणि बीजाणू उडतो. वेग पकडतो तो गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट त्वरणाने, हे आता सेकंदाला लाखाच्या घरात फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं आहे. पण बीजाणू इतका हलका की हवा त्याला लगेच थांबवते, म्हणजे जेमतेम मिलिमीटरच्या काही अंशाएवढं आडवं जातो आणि मग सरळ खाली पडायला लागतो.

आता गणित असं आहे की तो दोन गिल्सच्या मधल्या फटीत पडला पाहिजे, समोरच्या गिलला चिकटता कामा नये. म्हणून साध्या भूछत्रात गिल्स वर जाड आणि खाली निमुळत्या असतात आणि त्या स्वतःला अगदी उभ्या ठेवतात. थोडी टोपी कलंडली तरी काम चालतं.

इंककॅपमध्ये असं नाहीये. गिल्स खूप पातळ, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीच्या आणि एकमेकींना इतक्या खेटून की मिटलेल्या वहीच्या पानांसारख्या. एवढ्या पानांवर बीजाणू भरपूर मावतात, हा फायदा. पण एवढ्या अरुंद फटीतून वरच्या टोकाचा बीजाणू खालपर्यंत पडणार कसा, हा तोटा. मग इंककॅप काय करतं तर बीजाणू सगळीकडे एकदम पिकवत नाही, खालच्या कडेपासून सुरुवात करतं. कडेचा पट्टा पिकला, बीजाणू उडून गेले की तो रिकामा पट्टा वितळवून टाकायचा. आता त्याच्या वरचा पट्टा ही नवी कड झाली, त्याच्या खाली मोकळी हवा. तो पिकला, उडाला, वितळला. असं वर वर जात राहायचं. टोपीची कड बाहेर आणि वर वळते तीसुद्धा याचसाठी, फटी उघडतात.

म्हणजे वितळलेला भाग हा काम झालेला भाग आहे. बुलरने कोप्रायनस कोमॅटसच्या एका मोठ्या छत्रीतले बीजाणू मोजले, अंदाज आला 5 अब्जांच्या वर.

आंब्याचं म्हणाल तर आंबा आणि भूछत्र ही तुलनाच चुकते, आंब्याच्या आत एक कोय, इथे अब्जावधी. कोयीला गर लागतो कोणीतरी तो खाऊन कोय लांब टाकावी म्हणून, बीजाणूला फक्त मोकळी हवा लागते.

काडीपैलवान

च्यायला. म्हणजे ती शाई म्हणजे कचरा आहे. एवढे दिवस तिच्यातच सगळं रहस्य आहे असं वाटत होतं.

हौशी_खवय्या

सगळं ठीक आहे, मुख्य प्रश्न राहिला 😀 खाता येतं का? मी वाचलंय की यातलं पांढरं उंच केसाळ टोपीवालं खातात आणि लोक वेडे होतात त्यासाठी, पण ते काढल्यावर काही तासांत शिजवावं लागतं.

मातीखालचा

चिमणीताईंच्या बागेतलं खायचं नाही, हे आधी ठळक अक्षरात. अनोळखी भूछत्र इंटरनेटवरच्या चर्चेवरून कोणीही खाऊ नये.

तुम्ही म्हणताय ते कोप्रायनस कोमॅटस, शॅगी मेन. ते खाण्यासारखं मानतात आणि घाई करावी लागते तेही खरं, कारण तोडलं तरी स्वतःला पचवायचं थांबत नाही. फ्रीजमध्ये ठेवलं तर एन्झाइमचा वेग कमी होतो, बंद होत नाही. उष्णता दिली की एन्झाइमच निकामी होतात आणि वितळणं थांबतं.

पण गवतातून वर येणारी कोवळी, मिटलेली पांढरी छत्री इतर जातींचीही असते. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस अगदी तशीच लॉनमध्ये येते, कोवळेपणी पांढरी, बीजाणू मात्र हिरवट, आणि ती खाल्ली की उलट्या-जुलाबाने माणूस आडवा होतो. आणि काही अमॅनिटा (या वंशात जीवघेणी भूछत्रंही आहेत) अंड्याच्या अवस्थेत असतात तेव्हा बाहेरून नुसता पांढरा गोळा दिसतो. अमॅनिटा फॅलॉयडिसमधली अमॅटॉक्सिन नावाची विषं शिजवून जात नाहीत, त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास किंवा जास्तच लागतात आणि तोपर्यंत विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. शिवाय शॅगी मेन रस्त्याकडेच्या मातीतून कॅडमियम, शिसं वगैरे जड धातू शोषून घेण्यासाठीही ओळखली जाते, म्हणजे ओळख बरोबर असली तरी जागा वाईट असू शकते.

रात्रपाळी

यात एक फार महत्त्वाची गोष्ट राहतेय, दारू. मी फार्मसी शिकले आहे, हे आम्हाला विषशास्त्रात होतं म्हणून सांगते.

कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटेरिया, म्हणजे वर ज्याची शंका घेतलीये तेच करडं, हे नुसतं खाल्लं तर बहुतेकांना काही होत नाही. पण त्याच्यासोबत किंवा नंतर अल्कोहोल घेतलं की चेहरा-मान लालबुंद, छातीत धडधड, तोंडात धातूची चव, हातापायाला मुंग्या, मळमळ, उलटी. काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. आणि लोकांना लक्षात येत नाही कारण भूछत्र आज खाल्लं आणि ग्लास परवा उचलला तरी होतं, दोन-तीन दिवस हा परिणाम राहू शकतो, क्वचित त्याहून जास्त.

कारण असं की शरीरात अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, मग अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. या भूछत्रात कोप्रीन नावाचा पदार्थ आहे, शरीरात गेल्यावर त्याच्यापासून अमिनोसायक्लोप्रोपॅनॉल तयार होतं आणि ते हे दुसरं एन्झाइम अडवून ठेवतं. मग अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत राहतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरामची गोळी देतात ना, तिचंही काम नेमकं हेच. लक्षणं इतकी सारखी की आधी लोकांना वाटलं भूछत्रातही डायसल्फिरामच आहे, पण नाही निघालं, 1975 मध्ये स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत दोन गटांनी वेगवेगळं काम करून कोप्रीन शोधलं.

मग कोप्रीनचंच औषध का नाही केलं असा प्रश्न पडेल, तर जनावरांवरच्या प्रयोगांत वृषणांवर वाईट परिणाम दिसले, विषय तिथेच बारगळला.

शॅगी मेनमध्ये कोप्रीन नसतं. पण तुम्ही ओळखण्यात घोळ केलात तर?

हौशी_खवय्या

बरं बाई, राहू दे. मी दुकानातलीच खातो.

कुंपणावरची_चिमणी

सगळ्यांचे आभार, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. खाणार वगैरे नव्हतेच. पण आता गोंधळ असा झालाय की मातीखालचा म्हणतात कोप्रिनॉप्सिस, मग शॅगी मेनला म्हणतात कोप्रायनस, आणि मी जुन्या पुस्तकात बघितलं तर दोन्हीला कोप्रायनसच लिहिलंय. एकच ना? की छापायची चूक?

नावात_काय_आहे

माझा आवडता विषय निघाला 🙂 पुस्तक चूक नाही, जुनं आहे.

1797 मध्ये पर्सून या शास्त्रज्ञाने कोप्रायनस ही प्रजाती-गटाची पेटी, म्हणजे वंश, तयार केला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं जे काही काळे बीजाणू टाकतं आणि वितळतं ते सगळं त्या पेटीत पडत गेलं. कोणालाच शंका नव्हती कारण एवढं विचित्र लक्षण दोन वेगळ्या कुळांत दोनदा कसं येईल?

तर आलं. 1990 च्या दशकात डीएनए लावून बघितलं तेव्हा कळलं की शॅगी मेन आणि तिच्या एक-दोन जवळच्या बहिणी यांचं नातं आपण बाजारात घेतो त्या बटण मशरूमशी, म्हणजे अ‍ॅगॅरिकसशी आहे, त्या अ‍ॅगॅरिकेसी कुळातल्या. आणि बाकी सगळी इंककॅप मंडळी लांब दुसऱ्याच कुळात, सॅथिरेलेसीमध्ये. म्हणजे वितळायची युक्ती किमान दोनदा स्वतंत्रपणे निघाली. शॅगी मेन आणि तुमच्या बागेतलं करडं हे दिसतात बहिणी पण आहेत फार लांबचे.

मग 2001 मध्ये रेडहेड, विल्गालिस वगैरे मंडळींनी पेटी अधिकृतपणे फोडली. नियम असा की वंशाची आदर्श प्रजाती (वंशाचं नाव जिच्याशी कायमचं बांधलेलं असतं ती) ज्या घरात जाते तिथेच नाव जातं, आणि कोप्रायनसची आदर्श प्रजाती होती कोमॅटस. म्हणजे शे-दोनशे प्रजातींची जुनी पेटी आणि नाव राहिलं मूठभरांकडे, बाकी सगळ्यांना नवी नावं, कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस, पॅरासोला. काहींनी जोरदार विरोध केला, नाव बहुसंख्यांकडे राहू दे म्हणून प्रस्तावही मांडला, पण झालं नाही. माझं वैयक्तिक मत, नियमाने बरोबर झालं आणि वापरणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. अजून निम्म्या वेबसाइट जुनी नावं लावून बसल्यात.

गंमत म्हणजे पॅरासोलातल्या छोट्या नाजूक छत्र्या फारशा वितळतच नाहीत, वाळून सुरकुततात, तरी नात्याने त्या इंककॅपच्याच. आणि ज्या वितळतात म्हणून सगळं एका पेटीत टाकलं होतं ते लक्षणच नातं सांगायला कुचकामी निघालं.

सूक्ष्मदर्शी

नावात_काय_आहे यांना जोडून, प्रयोगशाळेत तर याहून जुना घोळ आहे. कोप्रिनॉप्सिस सिनेरिया ही प्रयोगशाळांची लाडकी बुरशी, पण दशकानुदशकं तिच्यावरचे पेपर कोप्रायनस लॅगोपस या नावाने छापले गेले, जी खरं तर वेगळीच प्रजाती आहे. जुने पेपर वाचताना हे माहीत नसेल तर डोकं फिरतं.

प्रश्नपत्रिका

प्रयोगशाळेची लाडकी का? त्यात असं काय आहे? मी बीएस्सीला आहे, आमच्याकडे यीस्ट आणि न्यूरोस्पोरा सोडून काही शिकवत नाहीत.

सूक्ष्मदर्शी

कारण वेळेवर येते. बीजाणू रुजवून पूर्ण छत्री आणि परत बीजाणू हे दोन आठवड्यांच्या आसपास होतं, आगारच्या बशीत. आणि दिवस-रात्रीच्या उजेडावर ती सगळं घड्याळ लावते, उजेड नाही मिळाला तर दांडाच नुसता लांब वाढतो आणि टोपी अर्धवट राहते.

पण मुख्य कारण मियोसिस, म्हणजे क्रोमोसोमचे दोन संच वाटले जाऊन प्रत्येक नव्या पेशीत एकच संच उरतो ते विभाजन. बहुतेक जिवांत मियोसिस बघायचं म्हणजे एक पेशी या टप्प्यात, शेजारची त्या टप्प्यात, शोधत बसा. सिनेरियाच्या टोपीत कोट्यवधी बेसिडियम जवळजवळ एकाच वेळी मियोसिसला जातात. अमुक तासाला टोपी तोडली की सगळ्या पेशी त्याच टप्प्यात. क्रोमोसोम 13, जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, साधारण 3 कोटी 70 लाख अक्षरांचा, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि एक गोष्ट जी यीस्ट शिकून कळणार नाही. बीजाणू रुजला की त्याच्या धाग्याच्या पेशीत एकच केंद्रक असतं. असे दोन वेगळे धागे भेटले आणि जुळले तर पेशी एक होतात पण केंद्रकं एक होत नाहीत. दोघंही शेजारी शेजारी राहतात, प्रत्येक पेशीत एक याचं एक त्याचं, आणि जाळं असंच वाढत राहतं, महिने, कधी वर्षं. याला डायकॅरिऑन म्हणतात. प्रत्येक विभाजनाला दोघांची प्रत नव्या पेशीत पोचावी म्हणून धाग्याच्या बाजूने एक छोटं वळण निघतं, एक केंद्रक त्यातून फिरून मागच्या पेशीत जातं, तेच क्लॅम्प कनेक्शन, सूक्ष्मदर्शकाखाली गाठीसारखं दिसतं. दोन केंद्रकं शेवटी एक होतात ती थेट बेसिडियममध्ये आणि लगेच मियोसिस. म्हणजे खऱ्या अर्थाने दोन संच एकत्र असलेली डिप्लॉइड पेशी या जिवाच्या आयुष्यात काही तासांपुरतीच असते. आपल्यापेक्षा एकदम उलटं.

आणि जुळतं कोण कोणाशी? तिथे नर-मादी नाहीत. A आणि B अशा दोन जागी जनुकांचे खूप प्रकार असतात, दोन्ही ठिकाणी वेगळं असेल तरच जमतं. सिनेरियात अशी जुळणी करू शकणारे प्रकार बारा हजारांच्या आसपास असतील असा अंदाज आहे. म्हणजे वाटेत भेटलेला जवळजवळ प्रत्येक अनोळखी धागा चालतो, घरच्या भावंडांशी मात्र चारात एकदाच.

काडीपैलवान

बारा हजार. आमच्याकडे दोनच आहेत तरी जमत नाही.

प्रश्नपत्रिका

😂 आणि सूक्ष्मदर्शी सर, खूपच भारी. सिनेरिया निसर्गात कुठे राहते? तीही लाकडावर?

मातीखालचा

ती शेणावर, मुख्यतः घोड्याच्या. शेणावर राहणारी बुरशी हा वेगळाच संसार आहे. बीजाणू गवतावर पडतात, जनावर गवत खातं, जाड काळ्या भिंतीचे बीजाणू पोटातल्या आम्लातून सुखरूप बाहेर येतात आणि थेट तयार जेवणावर पोचतात. मग त्या शेणावर एकामागून एक पाळ्या लागतात. आधी पायलोबोलससारखे झटपट वाढणारे, मग बशीसारख्या फळांचे अ‍ॅस्कोबोलस वगैरे, आणि शेवटी इंककॅप. इंककॅप आले की बाकीच्यांचं एकदम आटोपतं आणि ते जेवण संपलं म्हणून नाही. 1970 च्या सुमारास दाखवलं गेलं की शेणावरच्या एका इंककॅपचा धागा अ‍ॅस्कोबोलसच्या धाग्याला नुसता टेकला तरी तो समोरचा काही मिनिटांत मरतो, भिंत फुटते, आतलं बिघडतं. लांबून विष सोडणं नाही, टेकल्यावरच.

शेणात बॅक्टेरियाही मुबलक, त्यांच्याशीही भांडण. सिनेरियातून 2014 मध्ये झ्युरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या लोकांनी कॉप्सिन नावाचं छोटं प्रथिन काढलं, बॅक्टेरियाची भिंत बांधू न देणारं, लिस्टेरियासारख्या जंतूंवर चालणारं. औषध म्हणून बाजारात आलेलं नाही, पण आपल्यासारख्या प्राण्यांच्या शरीरात संरक्षणाला जे डिफेन्सिन असतात त्याच घराण्यातलं आहे ते. बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची हे नुसतं पुस्तकी वाक्य नाहीये, कायटिन बनवतात, साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतात, स्टार्च नाही. बुरशीची औषधं बनवणं अवघड जातं तेही म्हणूनच, जे तिला मारतं ते पुष्कळदा आपल्यालाही बाधतं, म्हणून पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलवर नेम धरतात, आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल असतं.

नावात_काय_आहे

आणि शॅगी मेन तर कृमी मारते, ते सांगा. मातीतले बारीक गोलकृमी, नेमाटोड. 2004 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिच्या धाग्यांवर काट्यांचे सूक्ष्म गोळे येतात, कृमी त्यावर घासला की कातडी फाटते, सोबत विषारी द्रव्यं, मग धागे आत शिरतात आणि खाऊन टाकतात. सडलेल्या पालापाचोळ्यात नायट्रोजन कमी असतो, कृमीत भरपूर, म्हणून हा जोडधंदा. ऑयस्टर मशरूमही हेच करतं, वेगळ्या पद्धतीने.

रात्रपाळी

शॅगी मेन म्हणजे तीच ना जी डांबर फोडून वर येते? दांडा इतका मऊ की बोटाने चेपतो आणि रस्ता कसा उचलतो हे मला कधीच पटलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

हो तीच. कारण दांडा वाढतो तेव्हा नव्या पेशी फारशा बनत नाहीत, आधीच बनलेल्या पेशी पाणी ओढून लांब होतात. प्रत्येक पेशीत आतून दाब, आणि पेशीच्या भिंतीतले कायटिनचे धागे आडवे गुंडाळलेले असल्यामुळे पेशी जाड होऊ शकत नाही, फक्त लांब होते. सगळ्या पेशींचा दाब एकाच दिशेला, वर, आणि तो तासन् तास थांबत नाही. डांबर एका झटक्याला टणक असतं, सावकाश रेटल्यावर नसतं.

कुंपणावरची_चिमणी

मी मुळं खणायचा विचार सोडला, राहू दे तिथे. फक्त एक करायचंय, स्पोअर प्रिंट, म्हणजे बीजाणूंचा ठसा. बाकी भूछत्रांची टोपी कागदावर पालथी ठेवून घेतात तसं केलं तर सकाळी नुसता काळा डाग आणि ओला कागद मिळतो. इंककॅपची प्रिंट घेता येते का?

नावात_काय_आहे

येते, वेळ साधावी लागते. कड नुकतीच करडी-काळी व्हायला लागलेली असते पण थेंब गळत नसतो तेव्हा टोपी घ्या, अख्खी ठेवू नका, कडेचा एक छोटा तुकडा कापा, कागदाऐवजी काचपट्टी वापरा आणि तासा-दीड तासात उचला, रात्रभर नाही. गिल्स काचेला चिकटू देऊ नका, तुकड्याच्या दोन टोकांना खाली काड्या द्या म्हणजे थोडी हवा राहील. रंग गडद काळा की काळपट तपकिरी ते पांढऱ्या कागदावर काच धरून बघा. आणि तोडण्याआधी टोपीचा फोटो काढा, वर बारीक चमकणारे कण आहेत का, पांढरे खवले आहेत का, दांड्याच्या बुडाशी किंवा जवळच्या लाकडावर नारिंगी-तपकिरी लोकरीसारखी चटई आहे का. चटई असली तर ते कोप्रिनॉप्सिस नाही, कोप्रिनेलस असण्याची शक्यता जास्त, मग आमची वरची निम्मी चर्चा दुसऱ्याच भूछत्राबद्दल झाली. फोटो इथेच टाका.